हाडांच्या गोळ्या

९ जून

धाकटे,

पार्सल मिळालं. बसच्या ड्रायव्हरनं ते इस्त्रीच्या टेबलावर आणून आदळलं आणि म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा, एवढी करकचून दोरी बांधू नका, आत काय सोनं असतं का?" मी म्हटलं, सोनं नाही बाबा, पण कारखान्यात दिवसभर बटणं टाचणाऱ्या बाईची गाठ आहे ती, सहजासहजी सुटायची नाही.

आधी तुझ्या लेकीची खबर देते, नाहीतर तू पुढचं वाचणारच नाहीस. आपलं बटण आता बटण राहिलेलं नाही, खांब झालंय खांब! माझ्या कानापर्यंत आलीय. शाळेच्या स्कर्टची खालची होती नव्हती तेवढी दुमड उसवून सोडली, तरी गुडघे बाहेर. लांब उडीत पहिली आली. बक्षीस काय, तर पाण्याची निळी बाटली. ती उशाशी घेऊन झोपते. अभ्यासात मात्र आनंदीआनंद आहे. बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे, पण निम्मी खिडकीबाहेर असते. मी म्हटलं, आईवर गेलीय, करणार काय.

हाडांच्या गोळ्यांची काळजी करू नकोस. जेवण झालं की स्वतःच फडताळातून बाटली काढते. तुझं ते "एकही चुकवू नको, एकही चुकवू नको" इतक्या वर्षांत इथल्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय.

घरात एक विघ्न आलंय. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. आता अंथरुणावरून माझ्यावर हुकूम चालतात. जीभ तेवढी शाबूत आहे! परवा बटण काय म्हणाली माहितीय? "मावशी, हाड आजीचं मोडलंय आणि हाडांच्या गोळ्या मी खातेय, हा कुठला न्याय?" हसून हसून पुरेवाट झाली. आपल्या आईची आठवण आली बघ. दोघींना ताप आला की एकच गोळी सुरीनं मोडायची, अर्धी तुला, अर्धी मला. एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणायची, आणि गोळ्यासुद्धा सोडल्या नाहीत तिनं. तरी बऱ्या व्हायचोच की दोघी.

फोनवर तू हो-नाहीच्या पुढे जात नाहीस. कबूल, फोन तुझ्या दाजींच्या दुकानातला, स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, आणि इस्त्रीला आलेली गिऱ्हाइकं कान टवकारून उभी. म्हणून तर म्हणते, सविस्तर लिही. आणि वर्षाच्या सुट्टीत पोरीला न्यायला येणार आहेस ना?

तुझी ताई


१६ जून

बटणाच्या आईंना,

तुमची शिफ्ट सुटते तेव्हा दवाखान्यातली माझी औषधांची खिडकी बंद झालेली असते, म्हणून नेहमीसारखी ही चिठ्ठी चौकीदाराकडे ठेवायच्या गोळ्यांच्या पाकिटात टाकतेय. वाचून फाडून टाका, तुम्ही फाडताच म्हणा.

आत तुमच्या आणि मुलीच्या गोळ्या आहेत. दोघींचे मागचे रिपोर्ट उत्तम आले. रक्तात एचआयव्ही आहे, पण इतका दाबून ठेवलेला की मोजायला सापडत नाही. जन्मतः हा आजार घेऊन आलेली मुलगी लांब उडीत पहिली येते, हे मी नव्या आयांना सांगत असते. तुमचं नाव न घेता सांगते, घाबरू नका. ही पोर म्हातारी होऊ शकते. अट एकच, रोज एक गोळी, पूर्ण, न चुकता.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. आमच्या बाटलीतल्या गोळ्या काढून तुम्ही कॅल्शियमच्या बाटलीत भरता आणि बहिणीला हाडांच्या म्हणून पाठवता. लहान होती तोवर मी गप्प बसले. आता ती पंधराची आहे. तिला माहीत नाही, तिला सांभाळणाऱ्या बाईला माहीत नाही. अहो, हाडांची गोळी एखाद दिवशी राहिली तर कुणाला काय वाटणार आहे? सांगून टाका. जमत नसेल तर सुट्टीत पोरीला घेऊन या, मी सांगते. तुम्ही नुसत्या शेजारी बसा.

सिस्टर


२० जून

सिस्टर,

तुमचं पटतं हो. पण पटलेलं सगळं माणसाला करता आलं असतं तर काय हवं होतं.

मालक गेले तेव्हा सासरी हे कळलं. दुसऱ्या दिवशी माझी गादी रस्त्यावर होती. पोर चार वर्षांची, गादीवर बसून खेळत होती, तिला वाटलं काहीतरी मजा चाललीय. त्या दिवसापासून मी कुणाला सांगितलेलं नाही. ताईकडे आले तेव्हा सांगितलं, नवरा छातीच्या दुखण्यानं गेला आणि पोरीची हाडं कच्ची आहेत.

माझी ताई वाईट नाही. अशी बाई दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही. कारखान्याच्या खोलीवर मूल ठेवू देत नाहीत म्हटल्यावर तिनं एका शब्दानं न विचारता पोर ठेवून घेतली. स्वतःच्या लेकीत आणि माझ्या लेकीत केसाइतका फरक केला नाही. मी तिला सांगणारच होते. पण तेव्हा त्यांच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला हा आजार आहे असा बोभाटा झाला आणि त्याला शाळेतून काढलं. ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बरंच झालं बाई. आपल्याही पोरांचा विचार करायला नको का?" आणि त्या वेळी माझी पोर तिच्याच पाठीवर लोंबकळत होती, सिस्टर. माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला, तो आजपर्यंत.

इथे खोलीत आम्ही आठ जणी आहोत. माझी गोळी मी पित्ताची म्हणून घेते. माझा सगळा संसारच खोट्या बाटल्यांत भरलेला आहे म्हणा ना. सुट्टीत आणते तिला. तेव्हा बघू.

बटणाची आई


२१ जून

ताई,

पत्र वाचून खोलीतल्या सगळ्या जणींना लांब उडीचं सांगितलं. आता माझा पिच्छा पुरवतात की पोरगी आणून दाखव. स्कर्टासाठी कापड पाठवतेय, कारखान्यातला तुकडा आहे, पण रंग पक्का आहे.

सासूबाईंचं ऐकून वाईट वाटलं. त्यांना उचलताना तुझी कंबर सांभाळ, तू काही आता विशीची नाहीस. आईची अर्धी गोळी आठवून मलाही हसू आलं. त्या कडू भुग्याची चव अजून जिभेवर आहे.

नव्या गोळ्या पाठवल्यात. ताई, तुला कंटाळा आला असेल ऐकून, पण रोज, एकही दिवस चुकू देऊ नकोस. तुझ्यावरच भिस्त आहे माझी.

धाकटी


११ ऑक्टोबर

धाकटे,

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर नाचशील. माझ्या थोरलीचं लग्न ठरलं! मुलगा औषधाच्या दुकानात आहे, सरळमार्गी आहे. तिचे होणारे सासरे जरा खडूस वाटतात, रोज संध्याकाळी तुझ्या दाजींच्या दुकानात येऊन बसतात आणि घराकडे बघत असतात, जणू विकत घ्यायचंय. पण लग्न मुलाशी करायचंय, सासऱ्यांशी नाही, असं थोरलीच म्हणाली. कार्टी फाजील आहे.

दुसरी खबर. सासूबाई चालायला लागल्या! काठी घेऊन का होईना, न्हाणीघरापर्यंत जातात, येताना माझ्या स्वयंपाकघरात डोकावून चुका काढतात. डॉक्टर म्हणाले, या वयात इतक्या लवकर हाड सांधलेलं बघितलं नाही. कशानं सांधलं ते मी तुला आत्ता सांगणार नाही. भेटशील तेव्हा सांगेन, गंमत आहे. तुझ्या लेकीचं काळीज केवढं मोठं आहे ते कळेल तुला.

बटण बरी आहे. जरा वाळलीय, पण उंची वाढली की अंग सुटतंच. मध्ये तोंड आलं होतं, दोनदा सर्दी झाली. या वर्षी उडीला निवड झाली नाही म्हणून दोन दिवस फुरंगटून बसली होती. वयच असं आहे. गोळ्यांचा एक दिवस चुकलेला नाही, तुझ्या गळ्याची शपथ.

ताई


४ नोव्हेंबर

ताई,

थोरलीचं वाचून डोळे भरून आले. काल-परवापर्यंत अंगठा चोखत होती गं.

माझं इथे फुटकं नशीब. मोठी ऑर्डर आली म्हणून वर्षाच्या सुट्टीवर बोळा फिरवला. जी जाईल तिनं परत येऊ नये, असं सुपरवायझरनं तोंडावर सांगितलं. त्यामुळे या वेळी पोरीला न्यायला येता येत नाही. तिच्या हाडांची तपासणी राहिली. तेवढी आता पुढच्या सुट्टीत.

वाळली म्हणजे किती? ताप येतो का? तोंड आलं ते बरं झालं ना? सगळं बारीकसारीक लिही. गोळ्या चुकत नाहीत म्हणालीस म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे. ती गंमत काय आहे ते मात्र सांगूनच टाक.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र लिहिताना मला बरं वाटत नाहीये. बटणाची तब्येत ठीक नाही. गेल्या महिन्यात पाठीवरून पोटापर्यंत नागीण उठली. ती सुकते न सुकते तोच खोकला लागला, तो जायचं नाव घेत नाही. संध्याकाळी अंग तापतं. स्कर्टाला आतून टीप घालून कंबर लहान करून दिली, तोही ढगळ होतोय. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. "आधीचा काही आजार?" असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं, लहानपणापासून हाडं कच्ची आहेत, त्याच्या गोळ्या चालू आहेत. ते म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मला मात्र रुखरुख लागलीय. तुला गंमत सांगायची राहिली होती ना, ती आता गंमत वाटत नाही, पण सांगते. सासूबाई पडल्या तेव्हा बटण हट्टाला पेटली, की माझी गोळी आजीला द्या. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग अर्धी तरी. मलाही वाटलं, पोर खांबासारखी वाढलीय, हाडं आता कशाला कच्ची राहतील? आणि आपण दोघी अर्ध्या-अर्ध्या गोळीवरच वाढलो की. तेव्हापासून जेवण झालं की ती सुरीनं गोळी मोडते, अर्धी स्वतः घेते, अर्धी आजीच्या हातावर ठेवते. आजी तिला आता "माझी डॉक्टरीण" म्हणतात. आणि त्या खरंच चालायला लागल्या गं! म्हणून मी चालू ठेवलं. एक दिवस चुकवला नाही, ते खरंच आहे.

पण आता वाटतं, पोरीला पूर्ण गोळीची गरज होती का? अर्धीनं अंगात ताकद कमी पडली असेल का? डॉक्टरांना विचारून कळव. सासूबाईंची बंद करायला मी तयार आहे, त्या चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील.

ताई


६ फेब्रुवारी

सिस्टर,

खिडकी बंद होती, म्हणून चौकीदाराच्या हातात देतेय. ताईचं पत्र सोबत जोडलंय. वाचा. मला पुन्हा वाचवत नाही.

मी धावत कचेरीत जाऊन फोन लावला. दाजींनी घेतला, स्पीकर लावला. मागे कुणीतरी खाकरलं, थोरलीचे होणारे सासरे असणार. ताई आली. मी म्हटलं, ताई, आजपासून तिला पूर्ण गोळी दे, आजींना देऊ नकोस. आणि मोठ्या दवाखान्यात ने, आजच ने. ती म्हणाली, "का गं, काय झालंय तरी काय तिला?" सिस्टर, मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर होतं. आणि मी म्हणाले, "हाडांमुळेच असेल."

माझी पोर मरतेय आणि मी पुन्हा तेच म्हणाले. मी कसली आई आहे?


७ फेब्रुवारी

ताईंचा विचार सोडा, कारखाना सोडा, पहिल्या बसनं जा आणि मुलीला इथे घेऊन या. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. रडायला नंतर वेळ आहे.

सिस्टर


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या दारातून मी पोरीला जवळजवळ उचलून नेलं, एक शब्द सांगितला नाही. तू बसच्या खिडकीतून डबा देत होतीस, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तू म्हणालीस, "वाटेत भरव तिला, गाडी लागते तिला." मग बस सुटली.

आता सांगते. तिला एचआयव्ही आहे. मलाही आहे. तिच्या बापाला होता, त्यातच तो गेला. माझ्यापासून तो तिला पोटात असतानाच झाला. त्या गोळ्या हाडांच्या नव्हत्या. तिचा जीव त्यांच्यावर चालला होता. मी दर वेळी त्या काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरायचे, म्हणजे तुला कळू नये.

इथल्या डॉक्टरांनी समजावलं. अर्धी गोळी म्हणजे मार अर्धा बसतो, आणि अर्धा मार खाऊन तो आजार निर्ढावतो. मग पूर्ण गोळीलाही दाद देत नाही. दुसरी औषधं मोठ्या शहरातून मागवलीत. ती यायच्या आधीच क्षयानं तिला गाठलंय, आणि तो मेंदूपर्यंत गेलाय. खूप डोकं दुखतं तिचं. उजेड सहन होत नाही. सिस्टरांनी तिला सगळं सांगितलं, मी शेजारी बसले होते. ती रडली नाही. मग विचारलं, "आजीला तर काही होणार नाही ना?" मी सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, नाही, आजींना काही होणार नाही.

तुझा काही दोष नाही, ताई. शेजारच्या गल्लीतल्या त्या मुलाला शाळेतून काढलं तेव्हा तू "बरंच झालं" म्हणाली होतीस. तुला आठवतही नसेल. मी ते वाक्य इतकी वर्षं उराशी धरून बसले आणि तू कशी आहेस ते विसरले.

तिला तुझी खूप आठवण येते. येशील?

धाकटी


२६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मोठी बहीण आहे, तेवढा हक्क आहे मला.

दोष नाही म्हणतेस? सुरी कुणाच्या घरातली? ताटली कुणाच्या घरातली? रोज जेवण झालं की मी कौतुकानं बघत बसायचे, पोरगी कशी बरोब्बर मधोमध मोडते म्हणून. तू माझ्या हातून माझी पोर मारवलीस. होय, माझी! तू जन्म दिलास, वाढवली मी. मला एक शब्द सांगितला असतास तर ती गोळी मी कुलपात ठेवली असती, माझ्या हातानं तिच्या जिभेवर ठेवली असती. सासूबाईंचा खुबा गेला असता खड्ड्यात.

"बरंच झालं" म्हणाले असेन मी. तोंडाला आलं म्हणून म्हणाले असेन. चार बायका म्हणत होत्या, मीही म्हणाले. त्यावरून तू मला तोललंस?

आणि तरीही, धाकटे, तुझं पत्र वाचल्यावर मी पहिलं काय केलं सांगू? तिचा टॉवेल, तिचा पेला, तिची उशी बाजूला काढली. इतकी वर्षं सगळ्यांच्या कपड्यांत तिचे कपडे धुतले, थोरलीबरोबर एका पांघरुणात झोपली, कुणाला काही झालं नाही, हे मला कळतं. कळूनसुद्धा हात आपोआप गेला. मग मला स्वतःचीच किळस आली. म्हणजे तू मला बरोबरच ओळखलं होतंस की काय?

मला येता येत नाही. तुझ्या दाजींना मी सांगितलेलं नाही. थोरलीचं लग्न महिन्यावर आलंय, सासरे रोज दुकानात बसतात, विचारतात, "पोरगी कुठं दिसत नाही?" मी इथून हलले तर सगळे विचारतील कुठल्या दवाखान्यात, कसला आजार. लग्न मोडेल. मला दोन पोरी आहेत, धाकटे, आणि मी एकीला निवडलं. यावर तुला काय बोलायचं ते बोल.

तिला सांग, मावशीला ताप आहे.

ताई


१२ मार्च

मावशी,

अक्षर वाकडं येतंय, हसू नकोस. ओळी दोन-दोन दिसतात. सिस्टर म्हणाल्या थोडं-थोडं लिही, म्हणून तीन दिवस लिहितेय.

तुला ताप नाहीये, मला माहितीय. तू खोटं आईला सांगतेस आणि आई ते मला सांगताना खिडकीकडे बघते. तुम्ही दोघी अगदी सारख्या आहात.

मला सगळं कळलंय. मला आधी खूप राग आला. मी दोन दिवस आईशी बोलले नाही. मग ती माझ्या पायाशी बसून झोपली होती, तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेत, ते बघून राग गेला. सगळा नाही गेला. मावशी, मला सांगितलं असतं तर मी नसती दिली गं कुणाला. मी एवढी काही चांगली नाहीये. मला उडी मारायची होती.

पण मला माहीत नव्हतं आणि तुलाही माहीत नव्हतं, म्हणून आपण दोघी सुटलो. आई एकटीच अडकलीय. तिला रागावू नकोस.

आजी चालते का? जिना चढते का? तिला काहीही सांगू नका. माझ्या गोळीनं ती बरी झाली, असंच राहू दे.

एकदा ये ना. जवळ बसल्यानं काही होत नाही, सिस्टर म्हणतात. आई माझ्याच ताटात जेवते. नसेलच जमत तर माझी निळी बाटली तरी पाठव. इथलं पाणी इथल्या पेल्यातून औषधासारखं लागतं.

थोरलीला सांग, लग्नात मी नसले तरी माझ्या वाटणीचा

(पुढचं तिला लिहिता आलं नाही. हे मी लिहितेय, धाकटी.)


३ एप्रिल

ताई,

बटण गेलं. काल सकाळी. शेवटचे काही दिवस तिनं कुणाला ओळखलं नाही. नवी औषधं आली होती, कपाटात तशीच आहेत.

निळी बाटली पोचली होती. ड्रायव्हरनं वॉर्डच्या दारात आणून दिली, आणि म्हणाला, या वेळी दोरी तुमच्या बहिणीनं बांधलीय वाटतं, सुटता सुटेना. मी चमच्यानं तिच्या ओठांना त्यातलं पाणी लावलं. तिला कळलं का, मला माहीत नाही. कळलं असं समज.

लग्न नीट पार पडलं, असं दाजी फोनवर म्हणाले. बरं झालं. हे मी टोचून म्हणत नाहीये.

सिस्टर म्हणतात, माझी गोळी मी चालू ठेवली पाहिजे. कशासाठी, ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही.

धाकटी


१९ मे

धाकटे,

तू उत्तराची वाट बघत नसशील. तरी लिहितेय. दुसऱ्या कुणाशी बोलू?

शाळेतल्या बाई आल्या होत्या. वह्या घेऊन आल्या, तिनं काढलेल्या एका चित्राची गुंडाळी आणली, ती मी उघडली नाही. काय झालं होतं म्हणून विचारलं. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, थोरलीचे सासरे समोर बसले होते. मी म्हणाले, "लहानपणापासून हाडं कच्ची होती." बाई म्हणाल्या, अरेरे, पण उडी तर छान मारायची. मी मान हलवली आणि इस्त्री उचलली. तुझं खोटं माझ्या तोंडात असं चपखल बसलं, जणू माझंच होतं. आता मी तुला कोणत्या तोंडानं बोलू?

तिचा टॉवेल पुन्हा सगळ्यांच्या टॉवेलांत ठेवला. आता ठेवून काय उपयोग, ते तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

सासूबाई जिना चढतात. रोज जेवण झालं की हात पुढे करतात आणि म्हणतात, "माझी डॉक्टरीण कधी येणार? तोवर माझी अर्धी तू तरी दे." पोरीचा शब्द होता, आजीला काही सांगू नका. म्हणून मी औषधाच्या दुकानातून हाडांच्या खऱ्या गोळ्या आणल्या. तीच बाटली, तेच लेबल. रोज एक काढते, सुरीनं मोडते. पूर्ण दिली तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले, पण हाताला तीच सवय लागलीय, आणि पूर्ण दिली तर त्या विचारतील, पोरीची कुठंय?

अर्धी त्यांच्या हातावर ठेवते. अर्धी ताटलीत उरते. ती मला टाकवत नाही, धाकटे, आणि ठेवूनही करू काय?

ताई